दाणे वेचणाऱ्या मुंगीची राणी पाळताना

आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ, बेला, तांसी या पैनगंगेकाठच्या मंडलांत उन्हाळ्याच्या तोंडाशी सकाळी शेताच्या धुऱ्यावरून चालत गेलं, तर मुरमाड जागी जमिनीत एक बारीक भोक दिसतं आणि त्याच्याभोवती भुसाचं गोल कडं. हा वाऱ्याने आणलेला कचरा नव्हे. आत नेलेल्या दाण्यांची टरफलं, कुसळं, गवताची तुसं सोलून बाहेर टाकलेली असतात. थोडा वेळ बसलं की रांग सुरू झालेली दिसते. जाणाऱ्या मुंग्या रिकाम्या, येणाऱ्यांच्या जबड्यात गवताचं एकेक बी, तेही डोक्याच्या वर उचलून धरलेलं. सगळ्या एका मापाच्या नसतात. बहुतेक लहान असतात आणि मध्येच एखादी मोठ्या डोक्याची, सावकाश चालणारी येते. डोकं-पाठ तांबूस, पोट काळपट. भिंगातून पाहिलं तर डोक्यावर बारीक उभ्या रेघा दिसतात. दख्खनच्या उघड्या, कोरड्या रानात सर्रास आढळणारी ही मुंगी, शास्त्रीय नाव ट्रायकोमिर्मेक्स स्कॅब्रिसेप्स. जुन्या पुस्तकांत ती होल्कोमिर्मेक्स या नावाने सापडते. तिच्याच शेजारी फायडोल वंशाच्या मुंग्याही दाणे वेचतात. त्या आणखी बारीक असतात आणि त्यांच्यातल्या सैनिक मुंग्यांचं डोकं बाकीच्या अंगाला न शोभेल इतकं मोठं असतं.

या मुंग्या घरात पाळता येतात. त्यासाठी अख्खं वारूळ उकरावं लागत नाही, उकरूही नये. एक फळलेली राणी पुरते. पण सुरुवात करणारा बहुतेक वेळा यूट्यूब बघून सुरुवात करतो आणि तिथे दाखवलेली मुंगी असते मेसर बार्बरस, म्हणजे स्पेन-मोरोक्कोकडची. मेसरचे नातेवाईक आपल्याकडे आहेत, पण हिमालयाच्या आणि वायव्येच्या बाजूला. आदिलाबादच्या धुऱ्यावर पाळायला मिळते ती वेगळी मुंगी, तिचा पावसाळा वेगळा, तिचा उन्हाळा तर फारच वेगळा. तिकडची कृती इकडे जशीच्या तशी लावली की राणी मरते, आणि मग मुंगी पाळणं कठीण आहे असा बोभाटा होतो.

परक्या मुलखाच्या मुंगीवरून सगळ्या मुंग्यांचा निवाडा करणं ही चूक फार जुनी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून युरोपातल्या अभ्यासकांनी ठरवून टाकलं होतं की मुंग्या धान्य साठवतच नाहीत. इसाप काय किंवा बायबलमधला सॉलोमन काय, त्यांनी मुंग्यांचे पांढरे कोश पाहिले आणि ते दाणे समजले. इंग्लंड-स्वित्झर्लंडच्या मुंग्या सहसा धान्य साठवत नाहीत, म्हणून हा निष्कर्ष. त्याला पहिला मोठा धक्का बसला तो पुण्यात. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम सायक्स यांना जून १८२९ मध्ये सकाळच्या फेरीत परेडच्या मैदानाजवळच्या पडीक जागेत गवताच्या बियांचे मूठ-मूठभर ढीग दिसले. मुंग्या शेकड्यांनी आतलं बी वर आणत होत्या. पावसाच्या पहिल्या सरींनी कोठार भिजलं होतं आणि ऊन पडताच वाळवण घातलं होतं. ऑक्टोबरात परतीच्या वादळी पावसानंतर त्यांनी पुन्हा तेच पाहिलं. १८३५ मध्ये सायक्सनी त्या मुंगीचं वर्णन छापलं. आज ती फायडोल प्रोव्हिडेन्स या नावाने ओळखली जाते. पुढे १८७३ मध्ये मॉग्रिज या इंग्रज अभ्यासकाने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर वारुळं उकरून कोठारंच दाखवली, तेव्हा वाद मिटला. सायक्सनी पाहिलेलं वाळवण आपल्याकडे अजूनही बघायला मिळतं. मृगाच्या सरीनंतर दोन दिवस उघडीप मिळाली की धुऱ्यावर जाऊन बघा.

राणी मिळण्याचा काळही तोच. पहिल्या दमदार पावसानंतर ढगाळ, उबदार, वारा पडलेली वेळ साधून पुष्कळ जातींच्या वारुळांतून पंखवाल्या माद्या आणि नर एकदम बाहेर पडतात. हवेतच किंवा जमिनीवर मीलन होतं. नर एक-दोन दिवसांत मरतात. मादी जमिनीवर उतरते, पाय आणि अंग घासून पंख पाडते आणि बिळासाठी जागा शोधत धावत सुटते. नराकडून मिळालेलं बीज ती पोटातल्या एका पिशवीत आयुष्यभर जपून ठेवते. जे अंडं त्या बीजाने फळतं त्यातून मादी, म्हणजे कामकरी किंवा पुढची राणी. न फळलेल्या अंड्यातून नर. (याला चक्रावून टाकणारा अपवाद नुकताच सापडला. युरोपातल्या मेसर इबेरिकसची राणी स्वतःच्या आणि दुसऱ्याच एका जातीचेही नर जन्माला घालते, हे २०२५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. मुंग्यांच्या बाबतीत ‘असंच असतं’ म्हणताना जीभ आवरावी.)

त्याच रात्री दिव्याखाली पंखवाल्यांचा सडा पडतो आणि घोटाळा होतो. त्यातले बहुतेक उधईचे असतात, मुंग्यांचे नव्हेत. ओळख सोपी आहे. उधईचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा मण्यांच्या सरीसारख्या सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर सुतासारखी बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या. दिव्याला आलेली पंखवाली मुंगी मादी असली तरी उचलू नये, तिचं मीलन झालेलं असेलच असं नाही. कोऱ्या राणीने अंडी घातली तरी त्यांतून फक्त नर निघतात आणि चार महिन्यांची मेहनत फुकट जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी पायवाटेवर, धुऱ्यावर, शाळेच्या मैदानात पंख गळालेली, एकटीच लगबगीने फिरणारी मुंगी शोधा. तिची पाठ फुगीर आणि रुंद असते, पाठीवर पंख तुटल्याचे चट्टे दिसतात आणि पोट कामकरी मुंगीपेक्षा पुष्कळ मोठं असतं. फुगीर पाठ हेच महत्त्वाचं लक्षण. पाठीत पंख हलवणारे स्नायू असतात, आणि पुढचा महिनाभर तीच तिची शिदोरी.

फायडोल, मेसर आणि अशाच भरदार पाठीच्या राण्या बिळात शिरून तोंड बुजवून घेतात आणि पहिल्या कामकरी मुंग्या तयार होईपर्यंत बाहेर पडत नाहीत, खातही नाहीत. पंखांचे स्नायू आणि पोटातली चरबी विरघळवून त्यावर स्वतः जगतात आणि अळ्याही वाढवतात. काही अंडी तर उबवण्यासाठी नसतातच, ती अळ्यांना भरवायची असतात. रानात उतरलेल्या बहुतेक राण्या इथवर पोचत नाहीत. साळुंक्या, बेडूक, पाली आणि सगळ्यांत जास्त दुसऱ्या मुंग्या त्यांना संपवतात. घरात आपण तिच्यासाठी करतो ते एवढंच की हे बीळ सुरक्षित ठेवतो.

त्या बिळाच्या जागी काचेची परीक्षानळी. बोटाएवढी लांब साधी नळी चालते. तिच्यात तिसरा हिस्सा उकळून थंड केलेलं पाणी भरायचं आणि कापसाचा बोळा पाण्याला टेकेपर्यंत आत सारायचा. बोळा ओला राहतो, पण त्याच्यामधून पाणी गळत नाही. पुढच्या रिकाम्या जागेत राणी सोडायची आणि तोंडाला कापसाचा दुसरा, सैलसर बोळा लावायचा, म्हणजे हवा खेळते.

कापसाबद्दल आपल्या जिल्ह्यात मुद्दाम सांगायला हवं. घरात क्विंटलांनी कापूस पडलेला असताना मेडिकलमधून कापूस विकत आणणं कुणालाही वेडेपणाचं वाटेल. पण शेतातल्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे तो पाणी शोषत नाही. घरच्या कापसाचा बोळा कोरडाच राहील किंवा कडेने पाणी सरळ आत येईल. शिवाय त्यावर फवारणीचा अंश असू शकतो. मेडिकलचा कापूस मेण काढून धुतलेला असतो, म्हणून तोच घ्यावा.

नळी आडवी ठेवायची, तिला काळा कागद गुंडाळायचा आणि विसरून जायचं. बहुतेकांच्या हातून राणी जाते ती इथेच. उपासमारीने नाही, आपल्या कुतूहलाने. रोज टॉर्च मारून बघितलं, नळी हलवून पाहुण्यांना दाखवली, फ्रीज किंवा मिक्सरच्या ओट्यावर ठेवली की राणी बिथरते आणि आपलीच अंडी खाऊन टाकते. आठवड्याने एकदा, कागद हळूच सरकवून, पाच-दहा सेकंद. मुंग्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे लाल जिलेटिन कागदातून पाहिलेलं त्यांना खपतं. बघायला मिळतं ते असं. खसखशीहून बारीक, पांढरट अंड्यांचा एक चिकट गठ्ठा राणी जबड्यात उचलून इकडून तिकडे नेते आणि सतत चाटत राहते. त्या चाटण्यामुळेच अंड्यांना बुरशी लागत नाही. मग गठ्ठ्यात वाकड्या, केसाळ अळ्या दिसू लागतात. या मुंग्या कोश विणत नाहीत, त्यामुळे पुढची अवस्था उघडी दिसते. पाय दुमडून निजलेली, दुधाळ पांढरी, हुबेहूब मुंगीच्या आकाराची. तिचे आधी डोळे काळे होतात, मग हळूहळू अंगावर रंग चढतो. ऊब चांगली असेल, म्हणजे पंचवीस ते अठ्ठावीस अंशांच्या आसपास, तर फायडोलची पहिली मुंगी महिन्याच्या आगेमागे चालू लागते. मेसरला साधारण दीड महिना लागतो. राणीची जात नक्की ओळखता आली नसेल आणि महिना उलटूनही काही हालचाल नसेल, तर मेलेल्या चिलटाचा एक तुकडा आत ठेवून पाहावा. तिने तोंड लावलं नाही तर लगेच काढून टाकावा.

पहिल्या मुंग्या फारच बारीक असतात. राणीच्या अंगातल्या मर्यादित साठ्यावर त्या पोसलेल्या असतात. त्या आल्या की मात्र अन्न द्यायला उशीर करू नये.

पूर्ण वाढलेल्या मुंग्यांना घन पदार्थ गिळता येत नाहीत. घशात गाळणी असते, पोटात फक्त द्रव उतरतो. मग दाणे कशाला? कामकरी मुंग्या, विशेषतः मोठ्या डोक्याच्या, दाण्याचं टरफल फोडतात, आतला पिठाळ भाग चावून चावून लाळेत भिजवतात आणि त्याचा मऊ गोळा करतात. लाळेमुळे पिठाचं रूपांतर साखरेत होऊ लागतं. त्या गोळ्यातला रस वाढलेल्या मुंग्यांना, घन भाग अळ्यांना. पण सुरुवातीच्या घरात मोठ्या डोक्याची एकही मुंगी नसते, ज्वारीचा दाणा त्यांना फोडताच येत नाही. राजगिरा, खसखस, राळा, भरडलेली नाचणी द्या. पुढे वरई, तीळ. ज्वारी-बाजरी मोठ्या डोक्याच्या मुंग्या दिसू लागल्यावर. दाण्यांबरोबर अळ्यांना प्रथिन लागतं, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा उकळत्या पाण्यात बुडवून मारलेला नाकतोड्याचा पाय, चिलट किंवा उकडलेल्या अंड्याचा कणभर तुकडा. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचं, नाहीतर बुरशी आणि तिच्यामागोमाग कोळीकिडे येतात.

पेरणीच्या पाकिटातलं बी कधीही देऊ नका. कपाशीच्या बियाण्याला आणि पुष्कळदा ज्वारी-सोयाबीनच्या बियाण्यालाही कीटकनाशकाची किंवा बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेली असते. लाल, गुलाबी, निळा रंग त्यासाठीच असतो. असल्या चार दाण्यांत अख्खी वसाहत एका रात्रीत संपू शकते. किराणा दुकानातलं खाण्याचं धान्य घ्या, तेही धुऊन वाळवून.

आता हवामान, कारण आदिलाबादचा मे महिना व्हिडिओवाल्यांनी पाहिलेला नाही. पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा धुऱ्यावरची मुंगी दुपारी बाहेर पडत नाही. खाली खोल दालनांत माती थंड असते, ती अळ्या घेऊन तिकडे उतरते. काचेच्या नळीला खाली उतरायला जागाच नाही. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली नळी म्हणजे भट्टी. ती घरातल्या सगळ्यांत थंड कोपऱ्यात, जमिनीलगत, पाण्याच्या माठाजवळ ठेवावी. मातीच्या कुंडीत वाळू भरून, वाळू ओली ठेवून, वर ताटली झाकून त्यात नळीचा डबा ठेवला तर आणखी चांगलं. दिवसरात्रीच्या तापमानातला मोठा फरक आणखी एका तऱ्हेने घात करतो. पाण्याच्या बाजूला बोळ्यामागे हवेचा बुडबुडा राहिला असेल, तर दुपारी तो फुगतो, पाणी बोळ्यातून पुढे ढकलतो आणि अंड्यांचा गठ्ठा बुडतो. म्हणून भरताना बुडबुडा राहू द्यायचा नाही.

हिवाळ्याचं उलट. मेसरला थंडीत तीन-चार महिने झोपवायचं असतं, म्हणून व्हिडिओत नळ्या फ्रीजमध्ये जातात. आपल्या मुंगीला त्याची गरज नाही. तेलंगणात कडक थंडी पडणाऱ्या जिल्ह्यांपैकी हा एक, काही पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा मुंग्या आपणहून मंदावतात आणि दाणे तसेच पडून राहतात. ते चालतं. नळी घरात उबेला ठेवा, अन्न कमी करा, पाणी तेवढं तुटू देऊ नका.

पंचवीस-तीस मुंग्या झाल्या की नळीच्या तोंडाशी एक लहान प्लॅस्टिकचा डबा जोडायचा, ते त्यांचं अंगण. नळी लहान पडू लागली की घर. सिपोरेक्सच्या हलक्या विटेत दालनं कोरून वर काच लावली तर स्वस्तात होतं. प्लास्टर ऑफ पॅरिसचंही होतं, पण या मुंग्यांचे जबडे दाणे फोडायला घडलेले असतात, मऊ प्लास्टर त्या कुरतडतात. घराची एक बाजू ओलसर आणि दुसरी अगदी कोरडी असायला हवी, याकडे लक्ष असू द्या. अळ्यांना ओल लागते, कोठाराला कोरडेपणा. सगळं घर ओलं असेल तर दाण्यांना मोड येतात. मोड येऊ लागलेल्या दाण्याचा कोंब मुंग्या कुरतडतात, हे मॉग्रिजनेही नोंदवलं आहे. पण आपणच दमट घर बांधलं तर त्यांचाही इलाज चालत नाही. दोन्ही बाजू दिल्या की कुठे काय ठेवायचं ते त्यांचं त्या ठरवतात. महिन्याभरात कोरड्या दालनात दाण्यांचा ढीग, ओल्यात अळ्या, आणि अंगणाच्या कोपऱ्यात टरफलांचं कडं, धुऱ्यावर असतं तसंच.

मुंग्या पळू नयेत म्हणून डब्याच्या वरच्या काठाला आतून व्हॅसलिनचा पातळ थर लावतात, किंवा टाल्कम पावडर सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवून त्याचा लेप देतात. वाळल्यावर त्यावरून पाय घसरतात. आपल्याकडचा पारंपरिक उपाय म्हणजे खालच्या ताटलीत पाणी. लंडनजवळ मुंग्यांचा अभ्यास करणाऱ्या लबकसाहेबांनीही एकोणिसाव्या शतकात आपली काचेची वारुळं पाण्याचे खंदक करूनच ठेवली होती. त्यांच्याकडची एक राणी जवळजवळ पंधरा वर्षं जगली. पण पाण्यावर फार विसंबू नये. सायक्सच्या पुण्याच्या घरात मिठाईच्या टेबलाचे चारही पाय पाण्याच्या भांड्यांत होते आणि टेबल भिंतीपासून इंचभर दूर. मुंग्यांनी आधी पाणी पार केलं. मग पायांना टर्पेंटाइन लावलं, तर त्या भिंतीवर मिठाईच्या फूटभर वर चढल्या आणि तिथून खाली पडू लागल्या. काही फटीत पडल्या, काही नेमक्या टेबलावर. झाकण लावा, आणि झाकणाला बारीक स्टीलची जाळी.

सुरू करण्याआधी वेळेचाही हिशेब करावा. अमेरिकेच्या वाळवंटातल्या दाणे वेचणाऱ्या मुंग्यांवर डेबोरा गॉर्डन १९८० च्या दशकापासून काम करत आहेत. तिथल्या वसाहती एकाच राणीच्या बळावर वीस-तीस वर्षं टिकतात. आपल्या राणीला तेवढं आयुष्य असो वा नसो, दहावीतल्या मुलाने नळी घरात आणली तर तो कॉलेजला गेल्यावर तिचं बघणार कोण, हे घरात आधीच ठरलेलं बरं.

आणि राणी विकत घेऊ नका. २०२५ च्या एप्रिलमध्ये केनियात दोन बेल्जियन तरुण सुमारे पाच हजार राण्यांसह पकडले गेले. परीक्षानळ्यांत, कापसाचे बोळे लावून, बहुतेक मेसर सेफॅलोट्स या दाणे वेचणाऱ्या मोठ्या मुंगीच्या. मे महिन्यात कोर्टाने त्यांना प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा एक वर्ष कैद सुनावली. इतक्या राण्या उचलल्या गेल्या की त्या रानात बी पसरवणारं, माती उलथणारं कुणी उरत नाही; आणि जिकडे त्या जातात तिकडे एखादी निसटली तर ती तिथल्या शेताला उपद्रव. परदेशातून जिवंत कीटक भारतात आणायला सरकारी परवाना लागतो, तो कुरिअरवाल्या विक्रेत्याकडे नसतो. कवाल व्याघ्र प्रकल्पातून किंवा पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून काहीही उचलणं तर गुन्हाच आहे. भारतातल्या मुंग्यांची २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली यादी आठशे अठ्ठावीस जाती-उपजातींची आहे. बाहेर हात पसरायची आपल्याला गरज नाही.

आपल्याच धुऱ्यावरची एक, फार तर दोन राण्या घ्या, दोन वेगळ्या नळ्यांत. कुठे आणि कोणत्या तारखेला उचलली ते नळीवर चिकटवून ठेवा. कधी वसाहत सांभाळणं जमेनासं झालं, तर पावसाळ्यात माती ओली असताना ती त्याच धुऱ्यावर नेऊन सोडा. दुसऱ्या गावात नको, दुसऱ्या जिल्ह्यात तर मुळीच नको.